पान्याने लावलेलं लेबल

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली पान्या म्हणते. लहानपणापासून त्याच्या खिशात एक पाना असायचा. शाळेत बाकीची पोरं बाकांचे बोल्ट ढिले करून ठेवायची आणि हा मधल्या सुट्टीत ते आवळत बसायचा. एवढ्यावरून माणूस ओळखावा. मी त्याची थोरली बहीण. माझ्या पायांनी लहानपणीच राजीनामा दिला, त्यामुळे मी खुर्चीवर असते. तोंडाने अजून दिलेला नाही, असं माझी भावजय म्हणते.

पान्याचं आधी दुरुस्तीचं दुकान होतं. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, रेडिओ, काहीही आणा. बिघाड सापडला की त्याला भूक लागायची आणि सापडेपर्यंत जेवायला बोलवायची सोय नव्हती. मग हळूहळू वस्तूच अशा यायला लागल्या की त्यांना स्क्रूच नाहीत. सगळं डिंकाने चिकटवलेलं. उघडायला गेलं की फुटायचं, आणि फुटलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "जाऊ दे, नवीनच घेतो." असं करत करत दुकान बसलं. पान्याने हत्यारं विकली आणि शहराबाहेरच्या कारखान्यात कामाला लागला. जुन्या लिथियम बॅटऱ्या फोडून त्यांच्यातले धातू परत मिळवायचा कारखाना. जन्मभर जोडाजोडी केलेला माणूस तोडायच्या कामाला लागला, याचं मला फार वाईट वाटलं होतं. त्याला वाटलं नाही.

उलट हा त्यात इतका रमला की घरात दुसरा विषय नाही. त्याचं काम बॅटऱ्या उघडायचं. रबराने मढवलेलं टेबल, कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, हातात घड्याळ नाही की अंगठी नाही. आलेल्या बॅटरीतला उरलासुरला करंट आधी काढून घ्यायचा, मग वरचं कवच उघडायचं, आतले सेल सुटे करायचे आणि सरकत्या पट्ट्यावर सोडायचे. पुढे ते एका बंद यंत्रात भरडले जातात आणि खाली काळी भुकटी पडते. त्या भुकटीतून कोबाल्ट, निकेल, लिथियम वेगळं काढतात. गाडीची बॅटरी आमच्या पलंगाएवढी असते आणि कानातल्या यंत्राची नखाएवढी, हे मला त्याच्यामुळे कळलं. न विचारता कळलं.

"हे धातू आपल्या जमिनीत नाहीत, ताई," तो जेवताना सांगायचा. "ज्यांच्याकडे आहेत त्यांनी उद्या द्यायचं बंद केलं, की गाड्या, फोन, सगळं ठप्प. आपली खाण म्हणजे लोकांच्या कपाटातला खण. प्रत्येक घरात दोन तरी मेलेले फोन पडलेले असतात."

हे तो फक्त जेवताना बोलला असता तर ठीक होतं. पण कुणाकडेही गेला, की पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत विचारणार, "जुना फोन आहे का पडलेला?" भावजय लाजेने अर्धी व्हायची. तिच्या मावशीकडे आजारी माणसाला भेटायला गेला, तर तिथून ड्रिल मशीनची बॅटरी घेऊन आला. आजारी माणूस कसा आहे विचारलं तर म्हणे, "बरा असावा. बॅटरी फुगली होती."

त्याच्या कामाचे दोन नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अडलं. पहिला लेबलाचा. बॅटरी टेबलाला टेकली, की तिच्यावर पिवळं लेबल लागलंच पाहिजे. बिनलेबलाची एक बॅटरी रिकामी समजून एका नव्या कामगाराने उघडली होती आणि त्याच्या भुवया जळाल्या होत्या. तेव्हापासून पान्या या बाबतीत इतका कडक, की घरात भावजयीने डबा टेबलावर ठेवला तरी याचा हात खिशाकडे जायचा. लेबल लागलं, यंत्राने वाचलं, की ती बॅटरी कारखान्याच्या हिशेबात गेली. दुसरा नियम, आत आलेली बॅटरी बाहेर जायची नाही. बाहेर पडेल ती भुकटीच. कुणीतरी चोरून एक फुगलेली बॅटरी बाहेर नेली, कुणाच्या तरी स्कूटरला बसवून विकली आणि एका घराचा जिना जळाला. त्यानंतर झालेल्या बैठकीत टेबलावर हात आपटून हा नियम मागितला तो माझ्याच भावाने. घरी येऊन त्याने अभिमानाने सांगितलं आणि मीही शाबास म्हणाले.

आता माझी खुर्ची. ती बॅटरीवर चालते. घर चढाच्या खाली आणि माझं कपडे दुरुस्तीचं दुकान चढाच्या वर. लोकांच्या विजारी आत घ्यायच्या, बाहेर काढायच्या, चेन बदलायच्या. दुकान चिमुकलं आहे पण माझं आहे. सकाळी मी एकटी वर जाते आणि संध्याकाळी एकटी खाली येते, कुणाला "जरा ढकलता का?" म्हणावं लागत नाही. ज्यांना पाय आहेत त्यांना याची किंमत कळायची नाही आणि मी समजावत बसणारही नाही.

एके दिवशी खुर्ची चढाच्या मधोमध थांबली. पडद्यावर बॅटरी भरलेली दिसतेय आणि खुर्ची जागची हलत नाही. ब्रेक आपोआप लागलेले. मागे एक बस येऊन थांबली. चालकाने भोंगा वाजवला, मी वळून त्याच्याकडे पाहिलं, मग त्याने भोंगा बंद केला. शेवटी भाजीवाला आणि एक पोस्टमन यांनी मला रस्त्याकडेला घेतलं. असं पुन्हा झालं आणि मग पुन्हा.

कंपनीला फोन केला. तिथली मुलगी फार गोड बोलली. या खुर्चीची बॅटरी आता बनत नाही. दुसरी चालेल का? नाही, खुर्ची फक्त स्वतःच्याच बॅटरीला ओळखते, आतल्या सर्किटमध्ये तशी खूण असते. मग काय करायचं? नवी खुर्ची घ्यायची. किंमत ऐकून मी फोन ठेवला. माझे पाय कामाचे नसले तरी तळपायाची आग मस्तकात जायला काही अडचण येत नाही.

पान्या म्हणाला, "डोकं शांत ठेव. अख्खी बॅटरी कधीच मरत नाही. आत सेलच्या ओळी असतात, एखादी ओळ गेली की बाकीच्या अडून बसतात. कुठली गेली ते कळलं की तेवढी बदलायची, सर्किट तुझंच ठेवायचं. माझ्या जुन्या मित्राकडे सेलना धातूच्या पट्ट्या जोडायचं यंत्र आहे, तो बसवून देईल. पण कुठली ओळ गेली ते सांगणारं यंत्र कारखान्यातच आहे. जेवणाच्या सुट्टीत लावून बघतो, दहा मिनिटांचं काम."

"नेऊ देतील?" मी विचारलं.

"आत न्यायला कोण अडवणार? आत आणणाऱ्याला आमच्याकडे सलाम करतात."

ते खरं होतं. सकाळी त्याने माझी बॅटरी पिशवीत डब्याशेजारी ठेवली आणि गेला. दुपारी त्याचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, की याला बिघाड सापडलाय आणि भूक लागलीय.

"ताई, एकच ओळ! एकच ओळ गेलीय. बाकीच्या ठणठणीत आहेत, हिरवे दिवे लागतायत सगळ्यांचे. अजून कितीतरी वर्षं जाईल ही."

मला इतका आनंद झाला की शेजारच्या किराणावाल्याला मी हाक मारून सांगितलं. ज्यांचे कपडे रखडले होते त्या दोघींना फोन करून टाकला, परवा या म्हणून. उगाच वेडेपणा.

संध्याकाळी पान्या रिकाम्या हाताने आला. चपला काढल्या नाहीत, दारातच उभा राहिला.

"बॅटरी?" मी विचारलं.

"राहिली."

"विसरलास?"

"नाही." त्याने आपल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "लेबल लागलं तिला."

"लागलं म्हणजे? कुणी लावलं?"

"मीच."

झालं होतं असं. जेवणाची सुट्टी झाली, याने पिशवीतून बॅटरी काढली, टेबलावर ठेवली, आणि यंत्र जोडायच्या आधी याच्या हाताने खिशातून लेबल काढून चिकटवलं. टेबलावरच्या यंत्राने ते वाचलं, टुक् असा आवाज झाला. मनात कुठे काही नाही. श्वास घेतल्यासारखं केलं म्हणे. मग तपासलं, मला फोन केला, जेवला. आणि संध्याकाळी फाटकावरच्या यंत्रावर पिशवी ठेवली तर लेबल ओळखून लाल दिवा.

"रखवालदाराला सांगितलं ना, माझ्या बहिणीची आहे म्हणून?"

"सांगितलं. तो म्हणाला, बहिणीची आहे तर लेबल कशाला लावलंत?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार?"

भावजयीने कपाळावर हात मारला. ती मला एरवी ताई म्हणते, भांडण असलं की वन्सं. त्या दिवशी नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "वन्सं, मी सांगते तुम्हाला, हा माणूस एखाद दिवशी मलाही लेबल लावून पट्ट्यावर सोडेल." मला हसू आलं नाही. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं समजू शकते. पण पाय माझे होते.

दुसऱ्या दिवसापासून त्याचे खेटे सुरू झाले. विभागाच्या मॅडमकडे गेला. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी याला बसायला सांगितलं, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला पटतंय हो. पण लेबल रद्द करायचा अधिकार मला नाही. आणि ही बाहेर गेली, उद्या तिच्यातून धूर निघाला, तर नाव कुणाचं येईल? तुम्हीच तर बैठकीत सांगितलं होतंत, अपवाद केला की नियम मेला." पान्याला आपलेच शब्द आठवले. मॅडमनी वर कळवते म्हणून सांगितलं आणि बॅटरी वाळू भरलेल्या लोखंडी कपाटात ठेवायला लावली, निर्णय होईपर्यंत.

वर म्हणजे कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हिशेबवाले म्हणाले, सुरक्षेवाल्यांना विचारा. सुरक्षेवाले म्हणाले, परवानगी पर्यावरणवाल्यांची लागते. पर्यावरणवाल्यांनी सांगितलं, सरकारी मोजणी चालते, आत आलेलं वजन आणि बाहेर पडलेली भुकटी यांचा मेळ बसला पाहिजे. नुसती टोलवाटोलवी. प्रत्येक जण सज्जन, प्रत्येकाचं म्हणणं बरोबर, आणि माझी बॅटरी वाळूत.

मग मीच कारखान्याला फोन केला. आधी बराच वेळ वाजंत्री ऐकली. नंतर एक तरुण आवाज.

"बोला, कुठली बॅटरी जमा करायची आहे?"

"जमा करायची नाही, परत हवी आहे."

"परत?"

"हो. माझी आहे. चुकून आली तुमच्याकडे."

"मॅडम, आमच्याकडे जमा करायची सोय आहे. परत करायचं बटणच नाही."

"बटण नाही, पण माणूस असेल ना कुणी?"

पलीकडे कळा दाबल्याची टकटक ऐकू आली. मग तो म्हणाला, "बघतो, मॅडम." बिचाऱ्याने खरंच काहीतरी बघितलं असावं, कारण तासाभरात माझ्या फोनवर संदेश आला. माझी जुनी बॅटरी जमा केल्याबद्दल कारखाना माझा आभारी आहे. दुर्मीळ धातूंच्या बाबतीत देश स्वतःच्या पायावर उभा राहावा म्हणून मी उचललेलं हे पाऊल मोलाचं आहे. खाली एक हिरवं पान. मी फोन भिंतीवर फेकणार होते, भावजयीने हातातून काढून घेतला.

तोवर माझं काय चाललं होतं ते सांगते. दवाखान्यातून एक ढकलायची खुर्ची मागून आणली होती. सकाळी कामावर जायच्या आधी पान्या मला चढ चढवायचा. संध्याकाळी भावजय उतरवायची, तीही आपलं काम टाकून. दुपारी दुकानात मला कुठे हलता यायचं नाही. कापडाचा तुकडा खाली पडला तर पडलेलाच. गिऱ्हाइकं चांगली होती, पण "ताई, आज उघडणार का?" असा फोन करावा लागणाऱ्या दुकानात कोण किती दिवस येणार? एकीने आपला अर्धा शिवलेला कोट परत नेला. माफी मागत नेला, त्याचाच जास्त राग आला.

चढावर पान्याला धाप लागायची. तो मागे, मी पुढे, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत आणि भांडायला ते बरं पडायचं.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" मी एकदा विचारलं.

"ताई."

"नुसतं विचारतेय."

"माझ्याकडे असते."

खुर्चीचं एक चाक करकरत होतं.

"फाटकावर दिवा लागतो," तो थोड्या वेळाने म्हणाला. "आणि लागला नसता तरी मी..." पुढचं वाक्य चढाने खाल्लं.

"तरी तू नेली नसतीस," मी म्हणाले. "बहिणीला रोज ढकलशील, पण बॅटरी नेणार नाहीस. किती सरळ माणूस! लोकांनी येऊन दर्शन घ्यावं तुझं."

हे बोलायला नको होतं, पण बोलले आणि मागे घेतलंही नाही. त्या जळलेल्या जिन्यावरच्या माणसांना मी पाहिलेलं नव्हतं. पान्याने पाहिलं होतं, कारखान्याकडून तो भेटायला गेला होता. तिथे मात्र त्याने जुना फोन मागितला नव्हता, हे मला माहीत होतं. तरीही मला राग त्याचाच यायचा. कारखान्याला शिव्या देऊन समाधान होत नाही, त्याला तोंडच नसतं. भाऊ समोर असतो.

सगळ्यात जास्त चीड कशाची यायची, तर यात कुणाचा फायदाच नव्हता. माझ्या बॅटरीतून निघून निघून भुकटी किती निघणार? मूठभर. त्या मुठीने देशाचं काय अडलं होतं? आणि ती काही वर्षांनी त्यांनाच मिळणार होती की! मी काय उरावर घेऊन जाणार होते? आधी वापरून संपू द्या, मग फोडा, एवढं साधं म्हणणं. ते कुणाला सांगायचं हेच सापडत नव्हतं.

शेवटी निर्णय आला. परत देता येत नाही, नियमाप्रमाणे प्रक्रिया करावी. मॅडमनी पान्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. त्यांनाही वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आज सुट्टी घ्या. दुसरं कुणीतरी उघडेल."

हे मला नंतर भावजयीकडून कळलं, तिला पान्याच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईने सांगितलं. पान्याने सुट्टी घेतली नाही. कपाट उघडून बॅटरी स्वतः आणली, टेबलावर ठेवली. उरलेला करंट काढायला लावला आणि तो संपायला बराच वेळ लागला, कारण भरपूर होता. सगळे चहाला गेले, हा तिथेच बसून राहिला. मग कवच उघडलं. ओळी सोडवल्या. एकेक सेल पट्ट्यावर ठेवला. सर्किट वेगळ्या डब्यात टाकलं.

घरी आला तेव्हा आम्ही जेवायला बसायच्या बेतात होतो. त्याने हात धुतले. पुसले. पुन्हा जाऊन धुतले. मग माझ्यासमोर येऊन बसला. मला आधीच कळलं होतं, तोंडच सांगत होतं. जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं माझ्या जिभेवर तयार होतं.

"उघडली आज," तो म्हणाला.

"तू?"

"मीच."

मी वाट पाहत राहिले. त्याने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "बरं झालं, ताई, नाही आणली ते. आत सगळेच सेल गेलेले होते. एकही चांगला नव्हता. त्या दिवशी यंत्राने चुकीचं दाखवलं. बसवली असती तर धोकाच होता."

भावजय वाढता वाढता थांबली. आमच्या घरात पान्याला खोटं बोलता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. बोलला की कानाच्या पाळ्या लाल होतात. आत्ता तर गळ्यापर्यंत लाल झाला होता. आणि नजर माझ्या चेहऱ्यावर अशी खिळलेली, की मी फक्त एकदा "हो का?" म्हणावं.

हिरवे दिवे लागतायत सगळ्यांचे, असं यानेच मला सांगितलं होतं. ते तोंडावर फेकायला मला एक क्षण पुरला असता.

"मग बरंच झालं," मी म्हणाले. "मेलेलीच होती तर कशाला हवी?"

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला.

त्याचे खांदे खाली आले. भावजयीने त्याला वाढलं. त्याने आणखी मागून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो पोटभर जेवला. मी ताटात बोटं फिरवत बसले.